उरलेल्या कापडाचा मालक

अम्मींनी शिलाई बंद केली आणि मशीनची खोली आवरण्याचे काम आमच्याकडे आले. चार पोती कापड निघाले. बहुतेक चिंध्या, पण त्यांत हात-दीड हाताचे अखंड तुकडेही. कोल्हापूरकडे अशा कापडाची वाकळ होते: जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळे, कडेपासून आत धावदोरा. २०१९ च्या महापुरात अशा तीन वाकळी आम्ही पूरग्रस्तांना दिल्या आणि दान केल्याचे समाधान मानले.

आता प्रश्न पडतो, ते कापड आमचे होते का? चिंध्या कुणी मागत नाही. तिथे रिवाजाचीच संमती असते. पण मोठा तुकडा उरलाय हे गिऱ्हाइकाला ठाऊकच नसेल, तर त्याचे न मागणे म्हणजे देणे नव्हे. वर्गात सापडलेली पेन्सिल टेबलावर आणून ठेवा, असे मुलांना आम्हीच सांगतो. अमानत ज्याची त्याला पोचवा, असा कुरआनात हुकूम आहे (सूरह निसा, आयत ५८). शोधूनही मालक सापडला नाही, तर हनफी फिकहप्रमाणे वस्तू त्याच्या वतीने गरजूला देता येते. उद्या तो आला, तर भरपाईही मागू शकतो.

ओळखू आलेले सात तुकडे आम्ही परत केले. एक बाई हसल्या. उरलेल्यांची वाकळ शिवू, देऊनही टाकू. मात्र या वेळी दान आमचे म्हणणार नाही.