रक्ताच्या नमुन्यापासून रुग्णाच्या प्रश्नापर्यंत

नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा आपला अभ्यास १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. त्याआधी १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत हा रक्तदोष आढळला होता. पुढची दोन-तीन दशकं संशोधन बरंचसं याच वाटेनं गेलं: कोणत्या समाजात किती टक्के? दलित आणि आदिवासी वस्त्यांतून रक्त गोळा व्हायचं, आकडे नियतकालिकांत जायचे. ती माहिती नसती तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं, हे खरं. पण ज्याच्या बोटातून थेंब घेतला, त्यालाही काही विचारायचं असेल, हे फारसं कुणाच्या मनात येत नसे.

ते मनात आलं गडचिरोलीत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे गेले आणि आधी सिकलसेलचंच प्रमाण शोधू लागले. लोक मात्र हलले नाहीत. जन्माचा आजार, इलाज नाही; मग नाव कळून करायचं काय? मला या थंड प्रतिसादाचं फार महत्त्व वाटतं. संशोधनाचा विषय आपला नाही, हे लोकांनी न बोलता सांगितलं आणि डॉक्टरांनी ते ऐकलं. विषय बदलला, आणि १९८९ साली राणी बंग यांचा स्त्रीरोगांवरचा अभ्यास आला. दोन गावं, ६५० स्त्रिया, आणि त्यातल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग. हे दुखणं बायका वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या.

नागपुरात सिकलसेलचा प्रश्न रुग्णांच्या घरातून पुढे आला. संपत रामटेके स्वतः व्हीलचेअरवर, मुलाला सिकलसेल. त्यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, रुग्णांना एकत्र आणलं, सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन यांनी केलेला सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे औषध परदेशात आधीपासून होतं. तिथे ते सोसेल तितकं वाढवत नेतात आणि त्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. दूरच्या खेड्यातून मजुरी बुडवून येणाऱ्या आईला ते कसं जमावं? म्हणून इथे कमी आणि ठरलेला डोस पाहिला: वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. काही मुलांना औषध मिळालं, काहींना नुसती तशीच दिसणारी गोळी. औषध घेणाऱ्यांच्या वेदनेच्या झटक्यांत, रक्त चढवण्यात, भरती होण्यात मोठी घट झाली. जी मुलं नुसत्या गोळीवर राहिली, त्यांच्यामुळेच ही घट औषधाची, हे ठामपणे सांगता आलं. त्या प्रत्येक मुलाच्या घरी अभ्यासाचा निष्कर्ष त्यांच्या भाषेत पोचवणं मी डॉक्टरांचं कर्तव्य मानतो.

संशोधनात रुग्ण येतो तो बहुधा आपल्या डॉक्टरच्या शब्दावर. ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं’ हे आपल्या ओपीडीतलं रोजचं वाक्य. त्यात विश्वास आहे, आणि नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला नीट बघतील का, ही भीतीही. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांत यावर काही तरतुदी आहेत. वाचता न येणाऱ्याकडून संमती घेताना तटस्थ साक्षीदार हवा, कधीही बाहेर पडता यायला हवं, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. नैतिकता समितीत सामान्य माणसालाही जागा आहे. तरी नियमाने भीती जात नाही. ‘नाही म्हणालात तरी तुमचा उपचार असाच चालेल’ हे डॉक्टरने तोंडाने सांगावं, माहितीपत्रक घरी नेऊ द्यावं, घरच्यांशी बोलायला दोन दिवस द्यावेत. रुग्णानेही विचारावं: हा अभ्यास क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदला आहे का? मला खरं औषध मिळेल की नाही, हे कसं ठरणार? अभ्यास संपल्यावर औषध कोण देणार?

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं; सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य आहे. म्हणजे पुन्हा कोट्यवधी बोटांतून थेंब घ्यायचे. दरम्यान, हायड्रॉक्सीयुरिया घेऊन वाढलेल्या मुली आता लग्नाच्या वयाच्या झाल्या आहेत. गरोदरपणात हे औषध सहसा बंद करतात. त्या नऊ महिन्यांत वेदना आवरायच्या कशा, हे त्या विचारतील तेव्हा पुढचा अभ्यास त्यांच्यासोबत बसून आखला जावा.