लाकडी बैलाची पूजा

श्रावण अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. खापरखेड्यापासून नागपूरपर्यंत, घर पाहुण्यांनी भरलेले असले तरी मुलांना रमवायची वेगळी सोय लागत नाही. चाकांचा लाकडी बैल सजवायचा, घरोघर न्यायचा, ओवाळून घ्यायचा आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळवायचा. प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळातली मानतात.

मग हा खेळ की पूजा?

ब्रह्मसूत्रे सृष्टीलाच ईश्वराची लीला म्हणतात. तसे असेल तर खेळणाऱ्या मुलाला पूजेपासून दूर बसवणे चूकच. सत्यनारायणाच्या वेळी मुलांच्या हाती मोबाइल देऊन त्यांना गप्प केले जाते, ते म्हणूनच खटकते. तान्ह्या पोळ्यात यजमान मूलच असते. मोठ्यांनी त्याच्या बैलाला कुंकू लावायचे आणि त्याच्या हातावर पैसे ठेवायचे.