अपमानाचें मोल

पैशाची अत्यंत नड असतां कोणी आपल्या अपमानाचें मोल देऊं लागला, तर तें घ्यावें काय? लॉरेन हॅन्सबेरी ह्या अमेरिकेतील कृष्णवर्णी लेखिकेनें ‘अ रेझिन इन द सन’ ह्या नाटकांत हा प्रश्न घातला आहे. तें १९५९ सालीं न्यूयॉर्क येथें रंगभूमीवर आलें, व १९६१ सालीं तिनेंच लिहिलेल्या पटकथेवरून त्याचा बोलपट झाला.

शिकागो शहरांत यंगर कुटुंबाचीं पांच माणसें कोंदट बिऱ्हाडांत राहत. बाप वारल्यावर विम्याचे १०,००० डॉलर आले. त्यांतून विधवा लीना हिनें गोऱ्यांच्या वस्तींतील घरासाठीं ३,५०० डॉलर भरले. बाकीचे तिनें मुलगा वॉल्टर ह्याच्या हातीं दिले. त्यांत त्याच्या बहिणीच्या शिक्षणाचाहि भाग होता. दारूच्या दुकानाच्या नादीं लागून त्यानें ते एका भागीदारास दिले, आणि तो पैसे घेऊन पळाला.

तत्पूर्वी गोऱ्या शेजाऱ्यांचा प्रतिनिधि येऊन, तुम्ही आमच्यांत येऊं नका, त्याबद्दल अधिक पैसे देतों, असें नम्रपणें सांगून गेला होता. तेव्हां त्यास घालवून दिलें. परंतु पैसे बुडाल्यावर वॉल्टरनेंच त्यास परत बोलाविलें. लीनेनें मुलाचा हात धरला नाहीं. मात्र नातवास तिनें बाहेर जाऊं दिलें नाहीं. बाप काय करितो तें त्यानें पाहावें. पोरासमोर वॉल्टरला तो सौदा करवेना; आम्ही त्या घरीं राहावयास येणार, असें त्यानें सांगितलें.

कोणी म्हणेल, मानानें पोट भरत नाहीं. हें बोलणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. दारिद्र्य खरें आहे. परंतु मजुरी घेणारा श्रम देतो. दूर राहण्याचें मोल घेणारा ‘मी शेजारास अपात्र आहें’ ह्या म्हणण्यावर सही करून देतो, आणि ती सही त्याच्या मुलांसहि बांधते. मागणें गोड शब्दांत केलें म्हणून त्याचा अर्थ पालटत नाहीं.

नकार स्वस्त नसतो हें लेखिकेस ठाऊक होतें. तिच्या वडिलांनीं १९३७ सालीं गोऱ्यांच्या वस्तींत घर घेतलें, तेव्हां जमाव चालून आला. फेकलेला मारा लहानग्या लॉरेनला थोडक्यांत चुकला. १९४० सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला.

नाटकाच्या शेवटीं कुटुंब सामान घेऊन निघतें. पुढें काय घडलें तें दाखविलेलें नाहीं. परंतु मुलानें आपला बाप ताठ उभा राहिलेला पाहिला. ही ठेव कोणी भागीदार पळवूं शकत नाहीं.