साक्षी कोणाची?

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर हल्ली कित्येक लग्ने ठरतात ती आधी छायाचित्रकार, मग रंगसंगतीची 'थीम' आणि शेवटी मुहूर्त, अशा क्रमाने. मला त्यात पाप दिसत नाही. हौसेला मोल नसते. पण लग्नाला साक्षी कोणाची, हा प्रश्न उरतोच. इथल्या आगरी मांडवात धवलारीण धवले गाऊन देवांना साक्षीला बोलावते. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण मानतो. "चित्र नीट आले नाही, पुन्हा चाला," असे म्हटले, की त्या पावलाचे सोंग होते. चित्र आठवण राखील. शब्द राखायचा तो दोघांनीच. म्हणून वाचकहो, छायाचित्रकार हौसेने निवडा. मात्र सातव्या पावलाला त्याने कुणाला थांबवू नये, एवढे त्याला आधीच बजावा.