पुष्पदंताच्या गावची फुलझाडं

आमच्या प्रकाशा गावात पुष्पदंतेश्वराचं देऊळ आहे. त्यामुळे अंगणात कोणती फुलझाडं लावावीत, हा प्रश्न मला नुसता शोभेचा वाटत नाही. पुष्पदंत म्हणजे शिवमहिम्न स्तोत्राचा कर्ता मानला जाणारा गंधर्व. अदृश्य होऊन तो एका राजाच्या बागेतली फुलं रोज चोरायचा आणि महादेवाला वाहायचा. चोर सापडेना, तेव्हा राजानं बागेत शिवाचं निर्माल्य पसरलं. त्यावर पाय पडला आणि गंधर्वाची शक्ती गेली. भक्ती खरी, फुलं ताजी, तरी देवाच्याच निर्माल्यानं त्याला अडवलं.

काशी करून आलेली माणसं उत्तरपूजेसाठी इथे तापीकाठी येतात, ही कथा ऐकतात, हात जोडतात. आणि गावोगाव पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद न विचारता तोडली जातेच. मला ते पटत नाही. द्यायचं ते आधी आपलं असायला हवं.

आपलं म्हणजे आपल्या मातीत टिकणारं. इथली जमीन काळी. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, मे महिन्यात भेगाळते, आणि पारा चाळिशीच्या वर जातो. सून म्हणाली, "आई, गुलाब लावू या ना." मी म्हटलं, "लाव की, पण कुंडीत. जमिनीत मात्र कण्हेर."

कण्हेर लावायला सोपी. मृगाचा पाऊस पडला की बोटभर जाडीची, वीतभर लांब फांदी डोळ्याखाली तिरपी कापायची. खालची पानं काढायची, चीक वाळू द्यायचा, दोन डोळे मातीत जातील इतकी खोचायची आणि पाणी साचू द्यायचं नाही. हात साबणानं धुवायचे, कारण झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी. शेळी त्याला तोंड लावत नाही. उन्हात पान चामड्यासारखं चिवट राहतं आणि ऐन वैशाखात झाड फुलांनी भरतं. विष पचवणाऱ्या देवाला हे फूल चालतं, यात मला नवल वाटत नाही.

शेजारी तगर, तांबडी जास्वंद आणि सदाफुली. सदाफुलीच्या बारीक शेंगा तडकतात, काळं बी सांडतं आणि पुढच्या पावसात रोपं आपोआप उगवतात. ती मूळची मादागास्करची, देवळापुढचा खुरचाफा अमेरिका खंडातला. जुन्या पूजाविधीत त्यांची नावं कशी असतील? तरी आपल्याकडे दोन्ही देवाला वाहिली जातात. केतकी शिवाला वर्ज्य, हे मी पाळते. पण फुलाचं कूळ विचारत बसत नाही.

यावर एक आक्षेप मला खरोखर विचारात पाडतो. जे झाड फारसं काही न मागता फुलतं, त्याचं फूल वाहण्यात आपण काय दिलं? कष्ट नाहीत तर अर्पण कसलं? गीतेच्या नवव्या अध्यायात देव पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागतो, आणि तेही भक्तीनं दिलेलं. किंमत विचारत नाही, दुर्मिळपणा विचारत नाही. अरणच्या सावता माळ्यांना तर मळ्यातच विठ्ठल दिसला. भाजीचा वाफा आणि देव्हारा त्यांना वेगळे नव्हते. नाजूक झाड हट्टानं आणून उन्हात मारण्यापेक्षा जगेल तेच लावावं आणि वर्षानुवर्षं सांभाळावं, यात मला भक्ती जास्त दिसते. सांभाळायचं म्हणजे पहिल्या उन्हाळ्यात पाणी, पावसाआधी छाटणी, आणि तोडताना निम्मी फुलं झाडावर ठेवणं. झाडावरची फुलंही देवाचीच. कळ्या तर मी तोडतच नाही.

प्रकाशाला याल तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतला हार तापीत सोडू नका. पावसाळ्यात आलात तर ज्या घरापुढे कण्हेर दिसेल, तिथे हाक मारून एक फांदी मागा आणि आपल्या दारी लावा.