चेहऱ्यावरचे फोड आणि मागचा जन्म

राजुऱ्याहून आसिफाबादच्या रस्त्याला लागले की फाल्गुनात काटेसावर फुललेली दिसते. झाडावर पान नाही, फांद्यांवर लाल फुले, आणि कोवळ्या खोडावर बुडाशी जाड, टोकाला अणकुचीदार काटे. तरुणांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पुटकुळ्यांचे वर्णन करताना सुश्रुताने याच झाडाच्या काट्यांची उपमा दिली. त्याने त्यांना मुखदूषिका म्हटले, क्षुद्ररोगांच्या यादीत बसवले आणि कारण सांगितले ते कफ, वात व रक्त यांचे. त्यात कुणाचे पाप नाही की कुणाचा शाप नाही.

सुश्रुतसंहितेच्या त्याच निदानस्थान विभागात काही अध्याय आधी कुष्ठाचे प्रकरण येते आणि तिथला सूर वेगळा आहे. हत्या, परधनाचे हरण अशा कर्मांतून हा पापरोग उद्भवतो असे म्हणतात, हे सुश्रुत नोंदवतो. कुष्ठाने मेलेल्या माणसाला तो पुढच्या जन्मीही गाठतो, असेही सांगतो. ग्रंथ एक, कातडीही तीच, पण न्याय दोन. किरकोळ फोडाला शरीरातले कारण पुरले. भय वाटायला लावणाऱ्या रोगाला मात्र गुन्हा शोधावा लागला.

समाजाने ही सीमाही पाळली नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या गालावर मुरूम आले तर घरचे वयावर सोडून देतात. तिशी ओलांडलेल्या बाईच्या हनुवटीवर तेच फोड वर्षानुवर्षे उठत राहिले की चौकशी सुरू होते. काय खातेस, पोट साफ होते का, अंगात उष्णता असेल, कुणाची दृष्ट लागली असेल, कुलदैवताचे काही राहिले असेल. आणि सगळे उपाय थकले की शेवटचे वाक्य येते: मागच्या जन्मीचे भोग. हे वाक्य बोलणाऱ्याला समजुतीचे वाटते, पण ऐकणारीच्या कानावर ते आरोप म्हणूनच पडते. शरीरावर उठलेली खूण हा माणसाविषयीचा निकाल असतो का? आणि तसा तो असेल, तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध घेणे म्हणजे शिक्षा चुकवणे ठरते का? प्रश्न चेहऱ्याच्या निमित्ताने उभा राहिला तरी त्याची मुळे धर्मविचारात आहेत, आणि त्याचे उत्तरही तिथेच शोधायला हवे.

आधी शरीराची बाजू. त्वचेतल्या तैलग्रंथी अँड्रोजेन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर तेल सोडतात. केसाच्या छिद्राशी मृत पेशी साचून बूच बसते, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो आणि सूज येते. पंचविशीनंतर टिकून राहणारे किंवा नव्याने सुरू होणारे मुरूम बायकांत अधिक दिसतात, विशेषतः जबड्याच्या कडेने, आणि पाळीच्या आधी ते वाढतात. काहींच्या बाबतीत बीजकोशाचा पीसीओएस हा विकार असतो, काहींच्या घराण्यातच प्रवृत्ती असते. क्षयावरचे आयसोनियाझिड, अपस्मारावरची काही औषधे, स्टिरॉइडच्या गोळ्या यांनीही फोड येतात. सास्तीच्या कोळसा खाणीत किंवा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात यंत्रांच्या तेला-ग्रीसमध्ये राबणाऱ्यांची छिद्रे बुजून तसेच फोड उठू शकतात. या सगळ्या साखळीत मागच्या जन्मासाठी जागा उरत नाही.

पण श्रद्धावान माणूस म्हणेल की संप्रेरक हे नुसते निमित्त, मूळ कारण कर्मच. हा युक्तिवाद हलका नाही आणि आपल्या परंपरेने तो हलका मानलाही नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, साथींनी गावेच्या गावे उजाड होण्याची चर्चा चालू असताना, आयुष्य आधीच ठरलेले असते का, हा मुद्दा निघतो. ग्रंथातले गुरू आत्रेय यांचे उत्तर ठाम आहे. सगळेच ठरलेले असते तर कुणी औषध घेतले नसते आणि पिसाळलेल्या जनावराच्या वाटेतून कुणी बाजूलाही झाले नसते. दैव आणि पुरुषकार म्हणजे या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंत जे बलवान ते दुसऱ्याला मागे सारते. कर्म मानणाऱ्या माणसालाही चरक औषधाचा हक्क देतो. एवढ्यावर प्रश्न मिटायला हरकत नव्हती. पण औषध घेण्याची परवानगी मिळाली, तरी रोग्यावरचा आरोप चरकाच्या या उत्तराने पुसला जात नाही.

आरोपाच्या मुळाला हात घातला तो बुद्धाने. संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो: माणूस जे सुखदुःख अनुभवतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, ते खरे का? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरचा आघात अशी कारणे मोजतो आणि कर्मविपाकाला त्यांतले फक्त एक कारण ठरवतो. सगळे कर्मावर टाकणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे उडी मारतात, असे तो म्हणतो. ही चिकित्सकाची दृष्टी आहे. मात्र त्याच त्रिपिटकात, उदानामध्ये, सुप्पबुद्ध या कुष्ठरोग्याची कथा आहे, आणि तिथे त्याच्या रोगाचे कारण म्हणून गतजन्मीचा अपमानच सांगितलेला आहे. दोन्ही वचने बुद्धाच्याच नावावर आहेत. तेव्हा वाचणाऱ्याला निवड करावी लागते.

ती निवड डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर ते चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला इथे हजारोंनी दीक्षा घेतली. पुढच्या वर्षी, त्यांच्या निधनानंतर, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाले. पूर्वजन्मीचे कर्म या जन्मीच्या वाट्याला येते हा सिद्धान्त बुद्धाचा असू शकत नाही, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. त्यांचा आक्षेप नैतिक होता. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याहून या सिद्धान्ताचा दुसरा कोणता हेतू असावा, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न जातीपुरता नाही. वर्धा नदीच्या पलीकडे, जिवती-कोरपन्याच्या गावांत, जिथून त्वचेच्या डॉक्टरसाठी चंद्रपूर गाठावे लागते, तिथे ‘भोग आहेत’ म्हणणे फार सोयीचे असते. भोग म्हटले की बसचे भाडे द्यावे लागत नाही, मजुरीचा दिवस बुडत नाही, आणि डॉक्टर जवळ का नाही हेही कुणाला विचारावे लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याने हा वाद त्वचेच्याच बाबतीत एकदा लढून जिंकला आहे. मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे हे वरोऱ्याचे वकील. पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून ते आधी घाबरून पळाले आणि मग त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरले. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठोपचार शिकून घेतले आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. बाबांच्या करुणेविषयी पुष्कळ लिहिले जाते. शिकून घेतलेल्या औषधोपचाराविषयी कमी लिहिले जाते, आणि तेच इथे महत्त्वाचे आहे. डॅप्सोन हे औषध हाती आल्यावर पापरोग म्हणवणारी गोष्ट गोळीने आटोक्यात येऊ लागली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधोपचार सुचवला आणि रोग बरा होऊ लागला. गतजन्मीचे पाप ठरावीक महिन्यांच्या गोळ्यांनी धुतले जात असेल तर ते पाप नव्हतेच, हे त्या काळी अनेकांना कुणी शब्दांत न सांगताही कळले असेल. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून निघायला २०१९ साल उजाडले.

आणि हेच डॅप्सोन मुरमांवरही चालते. पूर्वी त्याच्या गोळ्या हट्टी मुरमांसाठी दिल्या जात. २००५ मध्ये त्याचे मुरमांवरचे जेल अमेरिकेत मंजूर झाले. मिनोसायक्लीन हे प्रतिजैविकही दोन्हीकडे वापरले जाते. सुश्रुताने एका रोगाला क्षुद्र आणि दुसऱ्याला पाप म्हटले, पण रसायनाने ते अंतर मानले नाही.

गांधीजींचे उदाहरण अधिक अवघड आहे. १९३४ च्या बिहार भूकंपाला त्यांनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. त्यावर रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीरपणे हरकत घेतली: निसर्गाच्या घटनेला नैतिक निकाल मानणे हा अविचार आहे. पुढे सेवाग्रामात परचुरेशास्त्री हे कुष्ठरोगी संस्कृत पंडित आले, तेव्हा याच गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. भूकंपाविषयी निकाल सांगणारे गांधी रोगी समोर आला तेव्हा कारण विचारत बसले नाहीत. या दोन गांधींपैकी दुसऱ्याकडून शिकावे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

दुसरी हरकत निराळ्या दिशेने येते. देह नश्वर, चेहरा तर त्याहून क्षणिक; त्याच्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या खाणे हा मोह नव्हे का? इथे अष्टावक्राची कथा सांगितली जाते. आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या सभेत आला, पंडित हसले, आणि तो म्हणाला की ही तर चामडे पारखणाऱ्यांची सभा आहे. कथेतला बोध खरा, पण टोमणा चामड्याचे काम करणाऱ्यांवर पडतो, हे तिची स्तुती करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दुसरे असे की अष्टावक्राने सभेला सुनावले. रोग्याला उपचार सोडायला सांगितले नाही. ज्या बाईला स्थळ पाहायला आलेल्यांनी चेहऱ्यावरून नाकारले, जिला दुकानात पुढे उभे न करता मागच्या खोलीत बसवले, जी लग्नाच्या फोटोत मान खाली घालते, तिला वैराग्य शिकवणे सोपे आहे. खोल फोड दुखतात, खळगे मागे ठेवतात, मन खचवतात. दुखणे हे उपचाराला पुरेसे कारण आहे. मोह असलाच, तर तो नाकारणाऱ्यांच्या नजरेत शोधावा.

उलट दिशेचा धोका आहे तो चिठ्ठीशिवायच्या औषधाचा. मेडिकलमधून ‘गोरी करणारी’ ट्यूब आणली जाते. तिच्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखे स्टिरॉइड असते. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूम दुपटीने उठतात. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये घालून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी सवय सहज जात नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत याला आणखी एक पदर आहे. कुष्ठरोग इथून पूर्ण गेलेला नाही. कानाच्या पाळीवरच्या गाठी, विरळ झालेल्या भुवया, बधिर चट्टा हे मुरूम समजून त्यावर ट्यूब चोळली, तर लाली दबते आणि निदान लांबते. म्हणून डॉक्टरने कान आणि भुवया पाहाव्यात, चट्ट्याला स्पर्श कळतो का ते तपासावे. तोपर्यंत ट्यूब नको.

उपचार धीराचा असतो. अडापलीन आणि बेंझॉईल पेरॉक्साईड लावायचे, पेरॉक्साईडने टॉवेलचा रंग उडतो हे आधी सांगायचे. डॉक्सिसायक्लीन द्यायचे तर थोडे महिने आणि एकटे नाही, नाहीतर जिवाणू निर्ढावतात. त्यातही हे औषध उन्हाला हळवे करते. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जातो, आणि तेंदूपाने तोडायचा हंगाम त्याच दिवसांतला. पान तोडणाऱ्या बाईला ‘उन्हात जाऊ नका’ म्हणून चिठ्ठी देणे म्हणजे तिचे ऐकलेच नाही असे होते. तिच्यासाठी औषध बदलावे, निदान हंगाम तरी टाळावा.

सगळ्यांत जड प्रश्न आयसोट्रेटिनॉईनचा. अ जीवनसत्त्वापासून घडवलेले हे औषध १९८२ मध्ये अमेरिकेत आले, आणि हट्टी मुरमांवर त्याच्याइतके टिकाऊ काम दुसरे कुठले करत नाही. ते तैलग्रंथी आक्रसवते. ओठ फुटतात, यकृत आणि रक्तातली चरबी तपासत राहावी लागते. त्याची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनलेली. शाकाहाराचे व्रत असलेल्याला, किंवा हलाल पाळणाऱ्याला, हे आधी कळायला हवे. चरकाने क्षयरोग्याला शिसारी येऊ नये म्हणून एका प्राण्याचे मांस दुसऱ्याच्या नावाने खाऊ घालायची मुभा वैद्याला दिली होती. आजच्या डॉक्टरला ती मुभा नाही, नसावीही. इस्लामी विचारात निरुपायाच्या वेळी निषिद्ध गोष्टीलाही सवलत मिळते, पण निरुपाय आहे की नाही हे रोग्याला ठरवू द्यायचे असेल तर खरे सांगावेच लागते.

आणि या औषधाने गर्भात गंभीर व्यंगे येतात. म्हणून सुरू करण्याआधी महिनाभर, चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. इथे अहिंसेचा प्रश्न खरोखर उभा राहतो: स्वतःच्या चेहऱ्यासाठी न जन्मलेला जीव धोक्यात का घालावा? उत्तर औषध नाकारण्यात नाही. ते नीट सांगण्यात, तपासण्यात आणि काळजी घेण्यात आहे. गर्भधारणेची चाचणी आणि गर्भनिरोधनाचे बोलणे लग्न झालेलीशी आणि न झालेलीशी सारख्याच शब्दांत व्हावे. अविवाहित मुलीला हा प्रश्न तिच्या चारित्र्यावरचा वाटू नये यासाठी डॉक्टरने आधीच सांगावे की हे प्रत्येकीला विचारले जाते. लग्न झालेलीच्या नवऱ्यालाही, तिची संमती घेऊन, आत बोलवावे, कारण काळजी घ्यायची ती त्यानेही. सासूला कळवायचे की नाही, हे तिने ठरवावे. आणि कोरपन्याहून दर महिन्याला एसटीने चंद्रपूरला येणे तिला झेपणार नसेल, तर रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी करून घेण्याची सोय पहिली कॅप्सूल देण्याआधी ठरवून टाकावी.