हिरवा थर

तांब्याचा गडवा काळवंडला की वऱ्हाडातल्या घरात हात आपोआप चिंचेकडे जातो. चिंच, मीठ, चिमूटभर राख, आणि गडवा लखलखतो. सवय इतकी मुरलेली की वावरात जुना तांब्याचा पैसा सापडला तरी कोणीतरी त्यालाही तीच चिंच लावतं. पैसा चकाकतो आणि त्यावरची अक्षरं जातात. अशी कोरी झालेली नाणी पाहिली की जीव हळहळतो.

गडव्यावरचा डाग वरवरचा असतो. दोनशे-तीनशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नाही. ओल आणि हवा लागून तांब्याचं आधी तांबडं ऑक्साइड होतं, मग त्यावर हिरवं कार्बोनेट धरतं. नाण्याचा पृष्ठभागच असा बदलत जातो, म्हणून ठशाचा उठाव, अक्षरांच्या कडा पुष्कळदा या थरातच टिकून असतात. शिवराईचंच घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हाताने ठोकलेलं हे नाणं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे काही अक्षरं पहिल्याच दिवशी कडेबाहेर राहिलेली. उरलेल्या अक्षरांचं वळण, वेलांटीची तऱ्हा, काठावरचे ठिपके यांवरून जाणकार शिवराईचे प्रकार लावतात. ती वेलांटीच चिंचेत विरघळली तर नाण्याला विचारायचं काय?

आपल्या भागात हे विचारण्यासारखं खूप आहे. मुघल काळात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टांकसाळ होती. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल, १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडच्या लढाया, १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. अकबराचा दाम वीस ग्रॅमच्या आसपास भरायचा, कंपनी सरकारचा पाव आणा साडेसहा ग्रॅमचा. म्हणून धुवायला पाण्यात टाकण्याआधी नाणं सोनाराच्या काट्यावर ठेवावं. मातीने थोडं वजन खाल्लेलं असलं तरी ओळखीची सुरुवात तिथूनच होते.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना आपली काळी माती सहज दाद देत नाही. ती बेसॉल्ट खडकाची. तिच्यातल्या लोहाच्या चुंबकीय कणांनी यंत्र उगाच कुरकुरत राहतं. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरची वस्तू त्यात उतरते, पावसाळ्यात माती फुगून पुन्हा हलते. काळ्या रानात नाणं किती हात खाली होतं यावरून त्याचं वय काढता येत नाही. पांढरीत, जुन्या गावठाणाच्या टेकाडात, मात्र थर टिकलेले असतात, आणि नाण्याशेजारचं खापर, मणी, राख हीच त्याची साक्ष असते. तिथे यंत्र वाजलं म्हणून खड्डा घेणं म्हणजे ती साक्ष मोडणं.

आणि पूर्णेचा खारपाणपट्टा! अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या या खारट मातीतून आलेल्या नाण्यात क्लोराइड मुरलेलं असू शकतं. घरात आणून ठेवल्यावर, पावसाळी दमट हवेत, त्यावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटतात. ओल मिळाली की क्लोराइडपासून आम्ल होतं, ते आणखी तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. चिंचेत मीठ घालणारा हात याच रोगाला खतपाणी घालत असतो. तिथल्या बोअरच्या पाण्यात नाणं भिजवणंही तितकंच घातक. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावं, रोज बदलावं, मऊ ब्रशने सुटेल तेवढीच माती काढावी, अडलेला कण भिंगाखाली बाभळीच्या काट्याने अलगद उचलावा. ठिपके भुकटीचेच असले तर हात आवरावा आणि नाणं कोरडं ठेवून जाणकाराला दाखवावं. दिसू लागलेल्या अक्षराला आणखी उजळ करण्याचा मोह मला सर्वांत धोक्याचा वाटतो.

१९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेव्हा तो भाग अकोला जिल्ह्यात होता, आता वाशीममध्ये आहे. नाणी पोटिनची, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेल्या हलक्या प्रतीच्या धातूची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, आणि पुराणांतल्या राजावळीत न सापडणारी कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं समोर आली. झिजलेल्या नाण्यांच्या कडेवरची चार-दोन अक्षरं, पण त्यांनी इतिहासाला राजे दिले. तो साठा गावातल्या गावात वाटला जाऊन घासला गेला असता तर?

१८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कळवल्याने ठेवा ज्याला सापडला त्याचा हक्क जात नाही. लपवल्याने मात्र जातो, शिक्षाही होऊ शकते. नरनाळा, गाविलगड हे तर संरक्षित किल्ले, तिथे खणायचंच नाही. आपल्याच वावरात नांगराच्या तासात पैसा दिसला, तर तो मातीसकट कोरड्या कागदी पाकिटात ठेवावा आणि वर तारीख, गाव, शिवार, गट नंबर लिहावा. शेजारी खापरं पडलेली असतील तर तेही लिहावं.